मोबाइलवरचा मराठी सुपरहिरो: शब्दांचा गेम बनवतानाच्या नोंदी

१५ जून

नुसता वाचायचा आणि पर्याय निवडायचा गेम बनवायला घेतलाय. चित्रं नाहीत, आवाज नाही. खेळणारा स्वतःच सुपरहिरो, गाव नाशिक, काळ भर पावसाळ्याचा. फोन साधा असला तरी गेम चालला पाहिजे आणि एकदा घेतला की नेट लागता कामा नये. मराठीत असं काही करू बघणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून अडलेलं, तुटलेलं, दुरुस्त झालेलं सगळं इथे लिहीत जाणार आहे.

आधी साधन ठरवायचं होतं. ट्वाइन, चॉइसस्क्रिप्ट आणि इंक अशी तिन्ही वापरून पाहिली. ट्वाइनमध्ये चौकटी आणि बाण दिसतात, त्यामुळे सुरुवात चटकन होते. पण प्रसंग शंभरावर गेले की त्या जाळ्यात आपलंच आपल्याला काही सापडत नाही. चॉइसस्क्रिप्ट अशा आकडे सांभाळणाऱ्या गेमसाठीच बनलेलं आहे आणि गेम आपोआप तपासायची सोयही त्यात आहे. मात्र त्यातला गेम विकायचा असेल तर वेगळा परवाना लागतो. इंक ही केंब्रिजच्या इंकल स्टुडिओची भाषा, त्यांनी २०१६ साली सगळ्यांसाठी खुली केली. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येतं, ब्राउझरमध्ये चालवायला इंकजेएस आहे, विकण्यावर बंधन नाही. इंक घेतलं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळलेली बरी: व्हेरिएबलची (म्हणजे गेम लक्षात ठेवतो त्या आकड्यांची आणि निर्णयांची) आणि प्रसंगांची नावं देवनागरीत चालत नाहीत, रोमन लिपीत ठेवावी लागतात. मजकूर मात्र देवनागरीत हवा तसा लिहिता येतो.

१८ जून

पहिल्या मसुद्यातला हिरो उडायचा. तो मसुदा काढून टाकला. चित्रात उडणं भारी दिसतं, शब्दांत ते एका वाक्यात संपतं: रविवार कारंज्यावरून उडी, पंचवटीत पाय. खेळणाऱ्याला ठरवायला काही उरतच नाही. जी शक्ती वापरायला काही मोजावं लागत नाही, तिच्यातून चांगला पर्याय निघत नाही.

नवी शक्ती थोपवण्याची. हात पुढे केला की समोरची हलती वस्तू जागच्या जागी थांबते, पण जेवढा वेळ श्वास रोखता येईल तेवढाच वेळ. श्वास १० पासून सुरू होतो. सुटलेली दुचाकी थोपवायला २, बसला ४, पुराच्या लोंढ्याला प्रत्येक वाक्यामागे १. आता द्वारका चौकात ब्रेक निकामी झालेली बस आणि मागून घसरत येणारा ट्रक एकाच वेळी आले, की खेळणाऱ्याला खरोखर विचार करावा लागतो.

श्वासाचा आकडा पडद्यावर दाखवत नाही. तो वाक्यांतून कळतो: छाती भरलेली आहे, कानात ठोके ऐकू येताहेत, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत. आकडा दिसला की लोक हिशेब करत बसतात आणि मजकूर वाचणं सोडून देतात. हे घरातल्याच मंडळींवर दोन्ही प्रकारे करून पाहिलं. फरक लगेच दिसतो.

२६ जून

गेममधलं संकट म्हणजे गोदावरीचा पूर. पाणी किती चढलं ते दाखवायला टक्केवारीची पट्टी केली होती. ती काढली, कारण नाशिककराला पूर मोजायला पट्टी लागत नाही, नदीपात्रातल्या मूर्तीचा दुतोंड्या मारुती पुरतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, डोक्यावरून गेलं, एवढ्यावरून सराफ बाजारातल्या दुकानदाराला माल कधी हलवायचा ते समजतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मारुती पूर्ण बुडालेला सगळ्यांनी पाहिलाय. तेच टप्पे गेममध्ये घेतले. शेवटचा टप्पा नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचा. देऊळ १७४७ चं, घंटा वसईच्या विजयाची आठवण, आणि पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर ही जुनी खूण.

नाशिकबाहेरच्या वाचकाला हे कसं कळणार, हा प्रश्न होताच. म्हणून पहिल्याच प्रसंगात मारुतीचे पाय कोरडे दाखवले, भोवती भाजीवाल्या बसलेल्या. पुढे खुलासा करावा लागत नाही.

पाणी चढवायला आधी खरं घड्याळ लावलं होतं: अमुक मिनिटांनी पुढचा टप्पा. फोनवर हे चालत नाही. कोणाचा तरी फोन येतो, माणूस गेम तसाच ठेवतो, आणि परत येतो तेव्हा अख्खं शहर बुडालेलं. आता पाणी फक्त निर्णयांवर चढतं. ज्या निर्णयाला वेळ लागतो, त्याने एक टप्पा वाढतो.

४ जुलै

भाची नववीत आहे. पहिली दोन प्रकरणं तिला वाचायला दिली. तिने अर्ध्यातच फोन परत दिला. “मावशी, हा तर मुलगाच आहे. मी कुठेय ह्यात?”

तिचं म्हणणं अगदी खरं. मराठीत ‘तू’ म्हटलं की क्रियापद लगेच मुलगा की मुलगी ते सांगून टाकतं: पळालास, पळालीस, पळतोस, पळतेस. सुरुवातीला विचारून व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं, पण मग प्रत्येक वाक्याला दोन शेपट्या. फाइल वाचवत नाही आणि एखादी शेपटी हमखास राहून जाते. ‘तुम्ही’ केलं तर प्रश्न मिटतो, ‘तुम्ही पळालात’ दोघांनाही चालतं. पण सोळा वर्षांच्या पोराला किंवा पोरीला गेमने अहो-जाहो केलं तर जवळीकच उरत नाही.

उत्तर भाषेतच होतं. भूतकाळात कर्म असलं की क्रियापद कर्माच्या मागे जातं, खेळणाऱ्याच्या नाही. ‘तू दार उघडलंस’ हे दोघांनाही लागू. म्हणून जिथे शक्य तिथे वाक्यच बदललं. ‘तू पळालास’ काढून ‘तू धूम ठोकलीस’. ‘तू घाबरलास’ काढून ‘तुझी पाचावर धारण बसली’. ‘तू थकलास’च्या जागी ‘तुला दम लागला’, ‘तू थांबलास’च्या जागी ‘तुझे पाय तिथेच खिळले’, ‘तू एकटी आहेस’च्या जागी ‘तुझ्यासोबत कोणी नाही’. फसवणारी क्रियापदं वेगळी काढून ठेवा: म्हणणे, विसरणे, शिकणे, बोलणे. ही कर्म असूनही कर्त्याच्या मागे जातात. त्यांच्या जागी ‘तू सांगितलंस’, ‘तुझ्या लक्षातून गेलं’ असं करावं लागतं.

पर्यायांची बटणं आधी ‘मी पळतो’ अशी होती. ती आता ‘पळायचं’, ‘बस थोपवायची’, ‘आधी आजींना बाहेर काढायचं’ अशी आहेत. मनातल्या मनात माणूस ठरवतो तेव्हा असंच बोलतो, त्यामुळे ही बटणं पहिल्यापेक्षा जास्त आपली वाटतात.

दोन प्रकरणं पुन्हा लिहिण्यात बराच वेळ गेला. पण मजकूर सुधारला. नुसतं ‘घाबरलास’ लिहिताना मी विचारच करत नव्हते. वाक्य वळवायला लागलं की शरीरात नेमकं काय होतंय ते लिहावं लागतं.

१२ जुलै

संवादांचं वेगळंच दुखणं. चहावाले काका हिरोला ‘अरे’ म्हणतील की ‘अगं’? मोठ्या माणसांच्या तोंडी ‘बाळा’ घातलं, ते मुलाला आणि मुलीला दोघांनाही म्हणतात. बरोबरीच्या मित्रांसाठी ‘ए’. जिथे अरे-अगं टाळणं कृत्रिम वाटतं तिथेच व्हेरिएबल.

मग अफवा. मुखवटा लावलेल्या हिरोबद्दल गाव काय बोलतं? इथे मला या गेममधली सगळ्यात आवडती गोष्ट सापडली. ज्याला ओळखत नाही त्याच्याबद्दल आपण नपुंसकलिंगात बोलतो: “कोणीतरी आलं, हात वर केला, बस थांबली, आणि निघून गेलं.” म्हणजे मुखवटा आहे तोवर अख्खं गाव ‘आलं’, ‘गेलं’ म्हणणार. कोडमध्ये काहीच करायला नको, आणि वाचताना ते अगदी खरं वाटतं.

पाचव्या प्रकरणात काका पुराच्या पाण्यात हिरोचा चेहरा बघतात. त्यानंतरच्या वाक्यात पहिल्यांदा क्रियापद बदलतं: “हीच ती. हिनेच अडवली बस.” किंवा ‘हाच तो’. ओळख उघडी पडल्याचं वेगळं सांगावंच लागत नाही. सुरुवातीला ज्यांनी मुलगा-मुलगी सांगायचं नाही असं निवडलं, त्यांना काका थेट नावाने हाक मारतात.

हिरोची ओळख लपवणं ही अशा कथांची जुनीच चौकट. पण वाड्यात किंवा सोसायटीत राहणाऱ्याला शेजाऱ्यांपासून काही लपवता येत नाही. म्हणून ‘ओळख’ हा एक आकडा न ठेवता कोणी कोणी पाहिलं याची यादी ठेवली. एकाने पाहिलं तर तो गप्प राहू शकतो. समोरासमोर राहणाऱ्या दोघींनी पाहिलं की दुसऱ्या दिवशी दूधवाल्यालाही माहीत.

२० जुलै

हिरोचं टोपणनाव खेळणाऱ्याला टाइप करू द्यायचं होतं. पहिल्याच चाचणीत कोणीतरी ‘वीज’ लिहिलं आणि गेम म्हणाला, ‘वीजने बस थांबवली’. मराठीत नावापुढे नुसता प्रत्यय डकवून चालत नाही, शब्दाचं रूप बदलतं: विजेने. नियम लिहून कोडकडून करून घ्यायचा प्रयत्न केला. वीज, ढाल, धार, तिन्ही स्त्रीलिंगी आणि तिन्ही अकारान्त. पण रूपं विजेने, ढालीने, धारेने. कोडने कुठला नियम लावायचा?

शेवटी टाइप करण्याची सोय काढली आणि नावांची यादी दिली. प्रत्येक नावाची दोन रूपं साठवली: गरुड आणि गरुडा, वादळ आणि वादळा, वीज आणि विजे, ढाल आणि ढाली. प्रत्यय दुसऱ्या रूपाला लागतो. खऱ्या नावासाठी मात्र टाइप करू दिलं, कारण माणसांच्या नावांना आज आपण बहुतेक वेळा थेटच प्रत्यय लावतो. ‘सीमाला’ आणि ‘सीमेला’ दोन्ही कानावर येतात.

यादी करताना ‘वीज’ नावाच्या मुलाचं काय, हा प्रश्न आलाच. ‘वीज आला’ कानाला खटकतं. तिथे लोकांच्या तोंडी नाव येतं तेव्हा वाक्य ‘विजेने’ असं सुरू होतं, म्हणजे क्रियापद पुन्हा कर्माकडे जातं.

३ ऑगस्ट

फांद्या. प्रत्येक ठिकाणी तीन पर्याय आणि ते सगळे वेगळे नेले, तर सहाव्या निर्णयाला ७२९ वाटा होतात. एकट्या माणसाला लिहिणं शक्य नाही. म्हणून वाटा दोन-तीन प्रसंगांनी पुन्हा एकत्र येतात, पण निर्णय लक्षात ठेवला जातो. द्वारकेला ट्रक सोडून बस थोपवली असेल, तर ट्रकवाला वाचतो पण पाय मोडतो, आणि चौथ्या प्रकरणात पुरात होडी चालवायला तो मिळत नाही. परिणाम उशिरा आला की खेळणाऱ्याला तो जास्त लागतो. तिथेच नाव घालून आठवण द्यावी, नाहीतर कोणाला आठवत नाही.

९ ऑगस्ट

गेम मधेच अडकतो अशी तक्रार. रामकुंडाजवळ एक मदतकेंद्र आहे, तिथे खेळणारा परत परत येतो. इंकमध्ये पर्यायाच्या आधी तारा टाकला तर तो एकदाच मिळतो आणि मग नाहीसा होतो; अधिक चिन्ह टाकलं तर राहतो. मदतकेंद्रातले सगळे पर्याय ताऱ्याचे होते. तिसऱ्या फेरीत पडद्यावर एकही बटण नाही. परत येण्याच्या ठिकाणी अधिक चिन्ह, आणि शिवाय काहीच न उरल्यास आपोआप पुढे नेणारा एक पर्याय, असं केलं.

हे हाताने शोधणं अशक्य आहे म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली: इंकजेएस घेऊन गेम हजारो वेळा खेळायचा, प्रत्येक वेळी आंधळेपणाने पर्याय निवडायचा, आणि शेवट न येता कुठे थांबला ते नोंदवायचं. कुठला प्रसंग किती वेळा आला तेही मोजायचं. त्यातून कळलं की मला फार आवडलेला गंगापूर धरणावरचा एक प्रसंग कधीच येत नव्हता. लोकांचा हिरोवरचा विश्वास हाही गेममधला एक आकडा; त्या प्रसंगाला तो ८ च्या वर हवा होता, आणि तिथवर पोहोचेपर्यंत जास्तीत जास्त ७ मिळू शकत होता. ही स्क्रिप्ट पहिल्या आठवड्यात लिहावी, माझ्यासारखी दोन महिन्यांनी नाही.

आणखी एक: इंकमध्ये दोन पूर्ण संख्यांचा भागाकार पूर्णच येतो. ७ भागिले २ म्हणजे ३. विश्वास निम्मा होण्याच्या जागा त्यामुळे चुकत होत्या.

२१ ऑगस्ट

आता पडदा. हिरोचं नाव ठळक आणि प्रत्यय साधा ठेवला होता. ‘गरुड’ ठळक, पुढे ‘ाने’ साधं. काना वेगळ्या तुकड्यात गेला आणि त्याच्या आधी ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं. मात्रेपासून सुरू होणारा तुकडा कधीच वेगळा करू नका. पूर्ण रूप प्रत्ययासकट एकाच तुकड्यात ठेवा.

अक्षर-अक्षर उमटत जाणारा मजकूर इंग्रजीत छान दिसतो. आपल्याकडे ‘क्ष’ उमटताना आधी ‘क’, मग पाय मोडलेला ‘क्’, मग ‘क्ष’ असं होतं आणि सगळी ओळ उड्या मारते. जोडाक्षरं धरून तोडणारी सोय ब्राउझरमध्ये आहे, पण जुन्या फोनवर ती हलन्तापाशीच तोडते. शब्द-शब्द उमटवला, प्रश्न संपला.

पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका. नाहीतर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. शिवाय काही फोनवर ब्राउझर पान इंग्रजीत करून देऊ का विचारतो. एका मावशींनी चुकून हो म्हटलं आणि अख्खी कथा इंग्रजीत वाचली. पानावर भाषांतर नको अशी खूणही टाकली आहे. फॉन्ट ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता, मोफत आणि मोकळ्या परवान्याचा. गेमच्या आतच ठेवला म्हणजे नेट लागत नाही. ओळींतलं अंतर अक्षराच्या १.७ पट. त्याखाली गेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो.

ज्यांनी फोनमध्येच अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, त्यांच्याकडे ॲपमधली अक्षरं तशीच मोठी होतात आणि बटणं पडद्याबाहेर जातात. मोठी अक्षरं बंद करणं हा उपाय नव्हे, तशी सेटिंग असलेल्यांनाच वाचायला त्रास असतो. बटणाची ठरलेली उंची काढली आणि पर्याय आखूड केले. सात-आठ शब्दांपलीकडे पर्याय जात असेल तर त्यातला अर्धा भाग आधीच्या परिच्छेदात गेला पाहिजे.

१० सप्टेंबर

नवी आवृत्ती दिली आणि जुने सेव्ह उघडेनात. इंक आपली पूर्ण अवस्था साठवतं, त्यात कथेत नेमकं कुठे आहोत तेही असतं. मी दोन प्रसंगांची नावं बदलली होती, त्यामुळे ती जागाच सापडेना. चौथ्या प्रकरणात पोहोचलेल्या लोकांना पुन्हा सुरुवात करायला सांगणं फार वाईट वाटलं.

आता सेव्ह दोन थरांत. रोजचं सेव्ह इंकचं. शिवाय प्रकरण सुरू होताना फक्त प्रकरणाचा क्रमांक आणि सगळी व्हेरिएबल वेगळी साठवली जातात. पहिलं उघडलं नाही तर दुसरं वापरून त्या प्रकरणाच्या सुरुवातीला नेतो. घेतलेले निर्णय शाबूत राहतात.

२७ सप्टेंबर

गेम कपॅसिटर (वेबपानाचं ॲप करणारं साधन) वापरून अँड्रॉइड ॲपमध्ये बसवला. गूगल प्लेवर विकसक म्हणून नोंदणी २५ डॉलर, एकदाच. रुपयांत साधारण दोन हजार दोनशे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला एक अट आहे: ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत राहायला हवं. ही अट आधी माहीत नसेल तर ठरवलेली तारीख हमखास चुकते. सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड इथले ओळखीचे धरून बारापेक्षा बरेच जास्त लोक घेतले, कारण मधेच कोणी बाहेर पडलं की पंचाईत.

गेम कसलीच माहिती गोळा करत नाही, तरी गोपनीयता धोरणाचं पान आणि माहिती-सुरक्षेचा अर्ज लागतोच. वयोगटाच्या प्रश्नावलीत पुरातले मृत्यू प्रामाणिकपणे सांगितले.

१८ ऑक्टोबर

गेम खुला झाला. आतापर्यंतचा खर्च: नोंदणी दोन हजार दोनशे, मुद्रितशोधनाला चार हजार, बाकी सगळी साधनं मोफत. मुद्रितशोधनाचे पैसे वाचवू नका. अशा गेममध्ये खेळणारा एकच वाट वाचतो, मुद्रितशोधकाला सगळ्या वाचाव्या लागतात, म्हणून त्यांना प्रसंगवार छापील प्रत दिली. फांद्यांसकट.

आयफोनसाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. मोफत गेमला ते परवडत नाही. त्यांच्यासाठी तोच गेम इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये ठेवला आहे. झिप करताना इंडेक्स फाइल कुठल्याही फोल्डरच्या आत न ठेवता अगदी वरच ठेवा, नाहीतर गेम उघडेलच असं नाही.

भाचीने पूर्ण खेळून काढला, ‘ढाल’ हे नाव घेऊन. तिची मागणी आहे की ट्रकवाल्याला दोनदा वाचवता आलं पाहिजे. सध्याच्या श्वासात ते बसत नाही, आणि १० चे १२ केले तर द्वारकेचा प्रसंग सोपा होऊन जातो. त्यापेक्षा दुसऱ्या प्रकरणात श्वास वाढवायचा एक मार्ग द्यावा असं चाललंय: गोदेत रोज पोहणाऱ्या आजोबांकडून दम धरायला शिकायचं, पण त्यासाठी एक संध्याकाळ द्यायची, म्हणजे मारुतीपाशी पाणी एक टप्पा वर. हा प्रसंग लिहून झाला की स्क्रिप्ट पुन्हा चालवायची आणि मगच नवी आवृत्ती द्यायची.